उंदीर मारण्याआधी त्याची शेपटी तरी पाहा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या शहर पुरवणीत नागपूरच्या बेसा-बेलतरोडी भागातल्या नव्या ले-आऊटमधल्या (शेतजमिनीवर प्लॉट पाडून झालेल्या वसाहतींमधल्या) उंदरांवर बातमी आली. 'पिल्लांचा सुळसुळाट' असा मथळा, आणि खाली एका मजुराच्या तळहातावर बसलेल्या इवल्याशा उंदराचा फोटो. फोटोखालच्या ओळीत लिहिलं होतं, 'घुशीचे पिल्लू'. महोदय, ते घुशीचं नव्हतं आणि पिल्लूही नव्हतं. तो पूर्ण वाढलेला शेतातला छोटा उंदीर होता. वयाने आणि अनुभवाने तो स्वतः आजोबा असण्याचीच शक्यता जास्त.

एवढ्याशा गोष्टीसाठी पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. पण ती बातमी वाचून आमच्या ले-आऊटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्गणी गोळा झाली, एका पेस्ट कंट्रोलवाल्या कंपनीची माणसं आली आणि मोकळ्या प्लॉटच्या कडेने, जुन्या धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधावर, निळ्या विषारी वड्या टाकून गेली. कोणता उंदीर आहे, घरात शिरतो का, एवढंही कोणी विचारलं नाही. मी विचारलं, तर शेजारचे काका म्हणाले, "मॅडम, उंदीर म्हणजे उंदीरच ना! त्याची काय कुंडली पाह्यता?"

कुंडली नाही, पण शेपटी पाहते. एका महाविद्यालयाच्या प्राणीशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. प्रॅक्टिकलच्या आधी ट्रे मांडणं, बरण्यांमधलं फॉर्मॅलिन बदलणं, नमुन्यांना लेबल बांधणं हे माझं काम. लेबल पेन्सिलनेच लिहायचं, कारण साधी शाई स्पिरिटमध्ये उतरते, हे मी दरवर्षी नव्या पोरांना सांगायची आणि दरवर्षी कोणीतरी बॉलपेनने लिहायचंच. उंदराच्या लेबलावर चार आकडे असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला: नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत शरीराची लांबी, तिथून शेपटीच्या टोकापर्यंत शेपटी, टाचेपासून सगळ्यात लांब बोटाच्या टोकापर्यंत मागचं पाऊल (नखं सोडून), आणि कानाच्या खाचेपासून टोकापर्यंत कान. सगळं मिलिमीटरमध्ये. हे चार आकडे हाती असले की निम्मी ओळख तिथेच होते. रंग शेवटी पाहायचा. रंग वयाने, मातीने, ऋतूने आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याने बदलतो.

आमच्या मागच्या बांधकामावर क्युरिंगचं पाणी साठवायला खड्डा आहे. त्यात असाच एक उंदीर बुडून मेलेला सापडला. मी दस्ताने घालून तो वर्तमानपत्रावर (आपल्याच) पसरला आणि मोजला: ६२-५८-१५-११. म्हणजे शरीर सहा सेंटीमीटरच्या थोडं वर, शेपटी शरीरापेक्षा किंचित तोकडी, मागचं पाऊल दीड सेंटीमीटर. पाठ तपकिरी, पोट पांढरं, आणि दोन्ही रंगांच्या मधली सीमा कुशीवर स्पष्ट दिसणारी. शेपटी वरून गडद, खालून फिकट. पायांवर पांढुरके केस. डोकं शरीराच्या मानाने नेमकं, दात झिजलेले. जिवंतपणी त्याचं वजन दहा ग्रॅमच्या आसपास असावं. शास्त्रीय नाव मुस बूडुगा. भारतभर शेतांच्या बांधांवर राहतो. धान्य, बिया, किडे खातो. आपल्या फोटोतला उंदीर याच जातीचा, किंवा त्याच्या सख्ख्या भावाच्या, मुस टेरिकलर नावाच्या जातीचा असणार. या दोघांना नुसतं पाहून वेगळं करणं अभ्यासकांनाही अवघड जातं. दोघांच्याही पेशीत ४० गुणसूत्रंच असतात, फरक असतो तो गुणसूत्रांच्या घडणीत. बनारस हिंदू विद्यापीठात यावर बरंच काम झालं आहे. तेव्हा तिथपर्यंत मी जात नाही. धुऱ्यावरचा छोटा उंदीर एवढं म्हटलं तरी बेशाच्या माणसाला पुरेसं आहे.

आता 'पिल्लू' का नाही ते सांगते, कारण ही गल्लत सगळीकडे होते. काळ्या उंदराचं किंवा घुशीचं पिल्लू जेव्हा एवढ्याच आकाराचं असतं तेव्हा त्याचं डोकं शरीराच्या मानाने मोठं दिसतं, अंगावरची लव भुरभुरीत असते, आणि मुख्य म्हणजे पाऊल बेढब मोठं असतं. पाय आधी वाढतात, बाकीचं शरीर मागून येतं. छोट्या उंदराचं मागचं पाऊल म्हातारपणीही दोन सेंटीमीटरच्या आत राहतं. मोठ्या काळ्या उंदराचं तीन सेंटीमीटरच्या पुढे जातं. शंका आली तर बाकी काही पाहू नका, मागचं पाऊल पाहा.

घरात राहणारा छोटा उंदीर हा वेगळा गडी. मुस मस्कुलस, जगभर माणसाच्या मागे मागे गेलेला. त्याची शेपटी शरीराएवढी, आपल्याकडे बहुतेकदा शरीराहून लांब. पोट पांढरंशुभ्र नसतं, मळकट राखी किंवा पिवळट असतं, आणि पाठीचा रंग पोटाच्या रंगात कुठे मिसळला ते नीट कळत नाही. त्याला एक कुबट वास असतो. धान्याच्या कोठीचं झाकण उघडताच जो येतो, तोच. मेलेला मिळाला तर चिमट्याने ओठ बाजूला करून वरचे पुढचे दात कडेने पाहावेत. धारेच्या मागच्या बाजूला एक खाच दिसते. मोठ्या उंदराच्या पिल्लाला ती नसते. ही खाच इतकी खात्रीची खूण आहे, की नुसती कवटी हातात आली तरी काम भागतं.

मला कवटी गव्हाणी घुबडामुळे मिळते. आमच्याकडे अर्धवट बांधून सोडलेल्या एका पाण्याच्या टाकीत घुबडाची जोडी बसते. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळा करून तोंडावाटे टाकून देतं. टाकीखाली असे काळसर गोळे पडलेले असतात. ते कोमट पाण्यात भिजवले आणि सुईने उकलले की आतून कवट्या, जबडे, मांडीची हाडं अगदी स्वच्छ निघतात. घरातला किती, शेतातला किती, चिचुंद्री किती, सगळा हिशेब तिथे मांडलेला असतो, आणि त्यासाठी आपल्याला एकही प्राणी मारावा लागत नाही. कॉलेजच्या पोरांना मी हेच करायला लावायची. सुरुवातीला नाकं मुरडायची, मग कवटीवरून भांडायची.

चिचुंद्रीचं नाव निघालं म्हणून सांगते. आमच्या ग्रुपवर आलेल्या फोटोंत सगळ्यात जास्त हीच असते, आणि मारही हीच सगळ्यात जास्त खाते. चिचुंद्री उंदीर नाहीच. लांब, पुढे टोक काढलेलं, सतत हलणारं नाक, मोहरीएवढे डोळे, केसांत चिकटलेले गोल कान, बुडाशी जाड शेपटी आणि तिच्यावर विरळ लांब केस. पुढच्या पायाला पाच बोटं. उंदराच्या पुढच्या पायाला चारच दिसतात, अंगठ्याचा नुसता खुंट असतो. उंदराच्या जबड्यात पुढच्या दातांनंतर मोठी मोकळी जागा असते, चिचुंद्रीचे दात सलग असतात. ती झुरळं, किडे, गोगलगाई खाते. धान्याच्या पोत्यापाशी ती दिसली तर ती पोत्यासाठी आलेली नसते, पोत्यामागच्या झुरळांसाठी आलेली असते. तिचा वास नको असेल तर मोरीच्या नळाला जाळी बसवा. कणकेत कालवलेलं विष मांडून तुम्ही तिला नाही, दुसऱ्याच कुणालातरी जेवायला बोलावता.

पश्चिमेकडे, हिंगण्याच्या बाजूला मुरमाड जमीन आहे. तिथे प्लॉट घेतलेल्यांना एक वेगळा पाहुणा भेटू शकतो. हा छोट्या उंदरापेक्षा थोराड, शरीर दहा सेंटीमीटरच्या आसपास, शेपटी त्याहून बरीच तोकडी. पाठीवर केसांमध्ये चपटे काटे असतात. दस्तान्यातलं बोट शेपटीकडून डोक्याकडे फिरवलं तर भांडी घासायच्या ब्रशवर फिरवल्यासारखं लागतं. बिळाच्या तोंडाशी बारीक खड्यांचा ढीग असतो. खडे त्यानेच आणून ठेवलेले असतात, आतल्या खोलीतही खड्यांचं अंथरूण असतं. याचं शास्त्रीय वर्णन १८३२ सालचं, तेही आपल्या दख्खनमधल्याच नमुन्यावरून. काटेरी उंदरांच्या आणखी एक-दोन जाती याला बऱ्याच जवळच्या आहेत, पण खडे आणि काटे दोन्ही दिसले तर कुटुंब कळलं. हा घरात येत नाही. घरच त्याच्या अंगणात आलेलं असतं.

झाडावरचाही एक आहे. बांबूच्या बेटात, झुडपांत राहतो, लालसर पाठ, पांढरं पोट आणि शेपटी शरीराच्या दीडपटीच्या आसपास लांब. फांदीला शेपटीचा वेढा घालून चालतो. त्याच्या पायांची पहिली आणि शेवटची बोटं पाहिली तर तिथे टोकदार नखी नसते, माणसासारखं चपटं नख असतं. एवढी एक खूण पुरे. याचं घरटं कुंपणाच्या वेलीत सापडलं की लोक ते पक्ष्याचं समजून सोडतात आणि आत उंदीर निघाला की जाळतात. आपली दया कोणाला लागू होते हे पिसं आणि केस ठरवतात, असं दिसतं.

मोठ्या उंदरांत थोडक्यात सांगते. शेपटी शरीरापेक्षा लांब, कान मोठे आणि पातळ, सिलिंगवर धावतो, तो काळा उंदीर. थोबाड बोथट, शेपटी शरीरापेक्षा तोकडी, अंगावर राठ केस, कोंडला तर गुरगुरतो आणि बिळाबाहेर मातीचे ढिगारे टाकतो, ती घूस. शेपटीच्या टोकाला काळा झुपका, मोठे डोळे आणि उड्या मारायला लांब मागचे पाय, तो जर्बिल. रानाकडच्या फार्महाऊसवर शेपटीचा शेवटचा भाग पांढरा असलेला दिसला तर तो जंगलातला, चुकून आलेला, त्याला जाऊ द्यावं. आणि मऊ केसांचा, काळ्या रानातला एक आहे, त्याच्यावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण बेशाच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे.

धारवाडकडे नोकरीला असलेला वॉल्टर इलियट नावाचा ब्रिटिश अधिकारी होता. त्याने १८३९ मध्ये दक्षिण मराठा मुलुखातल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली. त्यात या मऊ केसांच्या उंदराबद्दल तो लिहितो की हा शेतातच राहतो, नीट बीळ करायचा कंटाळा करतो, दगडांच्या ढिगात किंवा उन्हाळ्यात काळ्या मातीला पडणाऱ्या खोल भेगांमध्ये मुक्काम ठोकतो. पावसाळा लागला की माती फुगते, भेगा मिटतात आणि दरवर्षी असंख्य उंदीर त्यात मरतात. १८२६ साली पावसाळ्याच्या सुरुवातीला पुरेसा पाऊस पडला नाही. भेगा मिटल्या नाहीत, उंदीर वाचले आणि इतके वाढले की पेरलेलं बी उकरून खाऊ लागले, ज्वारीच्या ताटावर चढून कणसं कुरतडू लागले.

काळ्या मातीची ही भेग विदर्भातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. एप्रिल-मे महिन्यात आमच्या मागच्या वावरात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. आता त्या वावराचा ले-आऊट झाला. काळ्या मातीवर दोन-तीन फूट मुरूम टाकला, रोलर फिरवला. भेगा बुजल्या, धुरा अर्धा कापला गेला. जे उंदीर कित्येक पिढ्या तिथे होते ते उरलेल्या धुऱ्यावर, विटांच्या चट्ट्यांत आणि वाळूच्या ढिगात आले. बांधकामावरचा मजूर रात्री भाकर करतो, तिचे तुकडे पडतात. म्हणजे आपल्या बातमीत ज्याला सुळसुळाट म्हटलं आहे, ते निदान काही प्रमाणात विस्थापन आहे. त्यांची संख्या वाढली की फक्त दिसण्याचं प्रमाण वाढलं, हे मोजल्याशिवाय कोणीच सांगू नये. मीही सांगत नाही.

आता विषाबद्दल. निळ्या-हिरव्या वड्यांमध्ये बहुधा ब्रोमॅडिओलोन असतं. ते रक्त गोठू देत नाही. खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि तेवढ्यात घुबड, मांजर, साप त्याला सहज पकडतात. विष मग त्यांच्या पोटात जातं. जे घुबड रोज रात्री फुकटात उंदीर उचलतं, त्यालाच आपण वर्गणी काढून मारणार. दुसरं विष झिंक फॉस्फाइड, करड्या-काळ्या पुडीचं. पोटातल्या आम्लाशी त्याचा संबंध आला की फॉस्फिन वायू तयार होतो. ब्रोमॅडिओलोनवर निदान व्हिटॅमिन के देता येतं, झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही. ले-आऊटमध्ये सायकली फिरवणारी पोरं आहेत, मजुरांची रांगती बाळं आहेत. निळी वडी त्यांना चॉकलेट वाटणार नाही याची हमी कोण देणार? मी त्या कंपनीच्या मुलाला विचारलं, "बेटा, मांडलेल्या वड्यांची नोंद कुठे आहे? उरलेल्या परत कधी नेणार?" तो म्हणाला, "मॅडम, आमचं काम टाकायचं." नंतर वॉचमनला सोबत घेऊन मीच दिसतील तेवढ्या वड्या चिमट्याने गोळा केल्या.

घरात मुस मस्कुलस असेल तर त्याला घालवायलाच हवं, त्यात मला जराही दया नाही. लेप्टोस्पायरोसिससारखे आजार उंदराच्या मुतातून पसरतात. पण त्यासाठी पिंजरा आहे, दाराखालच्या फटीला रबर पट्टी आहे, पाइप जिथून भिंतीत शिरतो तिथे सिमेंट आहे. छोट्या उंदराला बोटभर भोकही पुरतं, हे लक्षात ठेवून भोकं शोधली तर निम्मं काम होतं. धुऱ्यावरच्या उंदरासाठी हे काहीच करावं लागत नाही. तो तुमच्या डाळीसाठी आलेला नाही.

ओळखायचं कसं, असं आमच्या ग्रुपवरच्या दोघी-तिघींनी नंतर विचारलं, म्हणून रीत सांगते. उघड्या हाताने धरायचं नाही, आपल्या फोटोतल्या मजुरासारखं तर मुळीच नाही. पिंजऱ्यातला उंदीर पारदर्शक काचेच्या बरणीत उतरवायचा, तोंडावर जाळीचं झाकण. बरणी फूटपट्टीला चिकटवून कडेने एक फोटो, म्हणजे शेपटी आणि पाऊल मोजता येतं. मग बरणी वर उचलून खालून एक फोटो, पोटाचा रंग आणि तळपाय दिसतात. तिसरा फोटो कानाच्या बाजूने. बस, एवढ्यात नव्वद टक्के भांडण मिटतं. फ्लॅश मारू नका, पांढरं पोट फ्लॅशमध्ये सगळ्यांचंच पांढरं दिसतं.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये उपद्रवी प्राण्यांचं एक पाचवं परिशिष्ट होतं. त्यात कावळा, फळं खाणारी वटवाघळं यांच्या पंगतीत उंदीरही होते, सगळे सरसकट. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्ट काढून टाकलं आणि १ एप्रिल २०२३ पासून ही दुरुस्ती लागू झाली. याचा अर्थ घरातला उंदीर मारला तर पोलीस येतील असा नाही. पण कायद्याच्या पुस्तकातूनसुद्धा 'उंदीर म्हणजे उंदीरच' हे वाक्य गेलं आहे, एवढं शेजारच्या काकांना कळवायला हरकत नाही.

आपल्याकडे दोनच मागण्या आहेत. पुढच्या वेळी उंदराचा फोटो छापाल तेव्हा बाजूला फूटपट्टी, नसेल तर निदान एक रुपयाचं नाणं ठेवायला वार्ताहराला सांगा, आणि ओळ लिहिण्याआधी प्राणीशास्त्र शिकवणाऱ्या कोणालाही एक फोन करा. शहरात महाविद्यालयं थोडकी नाहीत. आणि अजब बंगला (आपलं वस्तुसंग्रहालय), महाराजबाग (प्राणिसंग्रहालय) इथे शाळांच्या सहली जातात, तिथे वाघ-बिबट्याच्या पाट्यांशेजारी नागपूर परिसरातल्या उंदरांचा एक तक्ता लावावा, शेपटीची आणि पावलाची मापं खऱ्या आकारात काढून, ही सूचना आपल्या दैनिकातून संबंधितांपर्यंत जावी. मापं घ्यायला माणूस लागला तर मी रिकामीच आहे. दस्ताने आणि व्हर्नियर माझे मीच आणीन.

कळावे, लोभ असावा.

आपली एक नियमित वाचक,
निवृत्त प्रयोगशाळा सहायक (प्राणीशास्त्र),
बेसा, नागपूर